काळ्या गोळ्या, पिवळ्या चकत्या आणि वडिलांची किडनी

ताई, बाकीचं सावकाश वाचा, पण भावानं चीनहून आणलेल्या त्या बाटलीतल्या बारीक काळ्या गोळ्या आधी थांबवा. अजून सुरू केल्या नसतील तर करूच नका. केल्या असतील तर शेवटच्या गोळीपासून तीन दिवस वडिलांची साखर ग्लुकोमीटरवर दिवसातून चार-पाच वेळा बघा, त्यातली एक पहाटे तीनच्या सुमाराला. ७० च्या खाली गेली की लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. साखरपाण्यानं तरतरी आली म्हणून घरी थांबू नका. असं का, ते पुढे सांगतो.

इतर कुटुंबांतही हाच प्रश्न येतो, म्हणून ताईंनी काय विचारलंय ते थोडक्यात लिहितो. वडील ६४ वर्षांचे, इचलकरंजीचे, मधुमेह १८ वर्षांचा. क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा) २.१, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३४, लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं प्रमाण ९०० च्या घरात, पोटॅशियम ५.२. सध्या बीपीची टेल्मिसार्टन, आणि मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन आणि ग्लिमेपिराईड या गोळ्या चालू आहेत. भाऊ मागांचे सुटे भाग आणायला चीनमध्ये शाओशिंगला जातो. तिथल्या व्यापाऱ्यानं त्याला ओळखीच्या चिनी वैद्याकडे नेलं, मोबाईलवरचे रिपोर्ट दाखवले आणि तीन गोष्टी घेऊन दिल्या: काळ्या गोळ्यांची बाटली, तपकिरी दाणेदार पुड्या आणि पिवळट चकत्यांचं एक पाकीट. हे द्यावं का? दिलं तर बीपीची गोळी बंद करता येईल का, कारण "त्या गोळीनंच किडनी जाते असं सगळे म्हणतात"?

आधी बाटली. लेबलाचा तुम्ही पाठवलेला फोटो मी फोनमधूनच भाषांतरित करून पाहिला (काही ओळी भलत्याच विनोदी निघाल्या), मग हाँगकाँगमधल्या एका सहकाऱ्याकडून खात्री करून घेतली. हे औषध म्हणजे श्याओ-के वान. वान म्हणजे गोळी. श्याओ-के म्हणजे शरीर झिजवणारी तहान. मधुमेहासारख्या आजाराला चिनी वैद्यकातलं हे जुनं नाव. घटकांच्या यादीत सहा-सात वनस्पती आहेत, आणि त्यांच्या जोडीला ग्लिबेनक्लामाईड. हो, तेच साखर उतरवणारं औषध, आपल्याकडे वर्षानुवर्षं डाओनिल म्हणून मिळालेलं. ही भेसळ नाही. चीनमध्ये हे औषध उघडपणे असंच बनतं आणि एका गोळीत पाव मिलिग्रॅम ग्लिबेनक्लामाईड असल्याचं लेबलवर छापलेलं असतं. गोळी लहान, म्हणून वेळेला दहापर्यंत घ्यायला सांगतात. दहाच्या तीन वेळा म्हणजे दिवसाला साडेसात मिलिग्रॅम, आपल्याकडच्या पाच मिलिग्रॅमच्या दीड गोळ्या.

किडनी शाबूत असलेल्या आणि दुसरी गोळी चालू नसलेल्या माणसाला हे कदाचित चालून जाईल. तुमच्या वडिलांना नाही. ग्लिबेनक्लामाईड यकृतात मोडतं, पण त्याचे तुकडेसुद्धा साखर उतरवतात आणि ते किडनीतून बाहेर पडतात. ईजीएफआर ३४ म्हणजे बाहेर पडायचं दार अर्ध्याहून जास्त लोटलेलं. त्यात त्याच जातीचं ग्लिमेपिराईड आधीच पोटात. अशा माणसाची साखर एकदा उतरली की ग्लुकोज देऊन वर येते, पुन्हा उतरते, पुन्हा वर येते, आणि हा खेळ दोन-तीन दिवस चालू शकतो. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक आजोबा पहाटे बेशुद्धावस्थेत आले होते, साखर २८. घरच्यांना वाटलं लकवा आला. त्यांच्या उशाखालच्या कापडी पिशवीत बिननावाच्या काळ्या गोळ्या निघाल्या, कुठल्याशा जत्रेतून आणलेल्या, "शंभर टक्के आयुर्वेदिक". चीनचा तिथे काही संबंध नव्हता. अडुसष्ट तास सलाईन चालवावं लागलं. सिंगापूरमध्ये २००८ साली पुरुषी ताकदीच्या बेकायदा औषधांत ग्लिबेनक्लामाईड मिसळलेलं सापडलं होतं. मधुमेह नसलेले दीडशे लोक साखर उतरून रुग्णालयात आले आणि चार दगावले. तुमच्या भावाच्या बाटलीवर निदान छापलेलं तरी होतं. ते वाचणारं कोणी नव्हतं, इतकंच.

आता तपकिरी पुड्या. त्यातला मुख्य घटक दा-हुआंग, म्हणजे रेवंदचिनी. आपल्या आज्यांना पोट साफ करायला ठाऊक असलेली तीच. चीनमध्ये किडनीच्या आजारात ही फार वापरली जाते. काढा करताना बाकीची द्रव्यं आधी अर्धा तास भिजवून मातीच्या भांड्यात उकळतात आणि दा-हुआंग शेवटच्या पाचेक मिनिटांत टाकतात. जास्त उकळलं तर जुलाबाचा जोर जातो. जोर नकोच असेल तर मुद्दाम बराच वेळ उकळतात किंवा तांदळाच्या दारूत परतून घेतात. काही रुग्णालयांत डायलिसिस लांबवण्यासाठी दा-हुआंगच्या काढ्याचा एनिमा देतात, आपल्या बस्तीचा चुलतभाऊच म्हणा.

याचा उपयोग होतो का? क्रिएटिनिन खाली येतं हे बऱ्याच चिनी अभ्यासांत दिसतं. पण इथेच नीट विचार करायला हवा. क्रिएटिनिन आणि युरिया थोड्या प्रमाणात आतड्यातूनही बाहेर पडतात. रोज दोन-तीन पातळ शौच झाले की ते प्रमाण वाढतं. शिवाय पोट बिघडल्यामुळे माणूस कमी खातो, डाळ-मटण सुटतं, महिन्याभरात अंगावरचं मांस उतरतं. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळे आकडा आणखी घसरतो. कागदावर २.१ चं १.८ झालं, घरात पेढे वाटले गेले, आणि किडनीतल्या गाळण्या होत्या तशाच. टाकीतलं पाणी गळालं म्हणून पातळी उतरली, मोटर काही दुरुस्त झाली नाही. रेवंदचिनीतल्या काही घटकांचे प्राण्यांमध्ये चांगले परिणाम दिसलेत, ते मी नाकारत नाही. पण माणसांवरचे बहुतेक अभ्यास दोन-तीन महिन्यांचे, छोटे, आणि औषध कोणाला दिलंय हे रुग्णालाही ठाऊक आणि डॉक्टरलाही. त्यातून डायलिसिस टळतो का, हे कळत नाही.

वडिलांच्या बाबतीत उलट धोकाच जास्त. टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू असताना जुलाब लागले की शरीर कोरडं पडतं आणि किडनी एका आठवड्यात धक्का खाते. एप्रिल-मे मध्ये आमच्या वॉर्डात असे पेशंट नेहमी असतात. जुलाब रेवंदचिनीचे असोत की लग्नातल्या जेवणाचे. पुड्या नकोत.

तिसरं, पिवळ्या चकत्या. तिरप्या कापलेल्या, मधे पिवळसर आणि कडेला फिकट, चावून पाहिल्यात तर किंचित गोड आणि कच्च्या वालासारखा वास येईल. ही हुआंग-ची, अॅस्ट्रॅगॅलस नावाच्या शेंगवर्गीय झुडपाचं मूळ. चिनी घरांत ही कोंबडीच्या सूपमध्येसुद्धा पडते, आपण सुंठ टाकतो तितक्या सहज. तिन्हींतली ही एकच अशी आहे की जिच्याबद्दल मी नाक मुरडणार नाही. हाँगकाँग विद्यापीठाच्या गटानं एक बऱ्यापैकी शिस्तीचा अभ्यास केला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह, किडनीचा दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचा आजार आणि लघवीतून भरपूर अल्ब्युमिन जाणारे ११८ रुग्ण. निम्म्यांना नेहमीची औषधं, निम्म्यांना तीच औषधं आणि वर रोज १५ ग्रॅम मुळाच्या हिशेबानं हुआंग-ची. ४८ आठवड्यांनी दुसऱ्या गटात ईजीएफआरची घसरण कमी होती. पण लघवीतल्या अल्ब्युमिनमध्ये दोन्ही गटांत तसा फरक पडला नाही, आणि खोटं औषध देऊन तुलना केलेली नव्हती. ११८ जणांचा एक अभ्यास म्हणजे पुढे मोठा अभ्यास करायला कारण मिळालं, एवढंच मी म्हणेन.

त्या अभ्यासातलं एक वाक्य मात्र तुमच्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवा: *नेहमीची औषधं चालू ठेवून*. ग्वांगझूला एका परिषदेच्या निमित्तानं मी तिथल्या चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात दोन दिवस हिंडलो होतो. औषधालयात छतापर्यंत लाकडी खण, खाली काउंटरवर कागद पसरलेले, आणि एक मुलगी हातातल्या लहान तराजूनं एकेक द्रव्य तोलून प्रत्येक कागदावर ढीग लावत चाललेली, सात दिवसांचे सात ढीग. बघत राहावं असं काम. पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डायलिसिसची यंत्रं होती, आणि काढा घेणाऱ्या मधुमेहींच्या केसपेपरवर लोसार्टन किंवा व्हल्सार्टन (टेल्मिसार्टनच्याच जातीच्या बीपीच्या गोळ्या) होतंच. दर महिन्याला क्रिएटिनिन, पोटॅशियम, यकृताच्या चाचण्या. जीभ आणि नाडी बघून वैद्य दर भेटीला ढिगातलं काही कमी-जास्त करतो; दोन मधुमेहींना एकच काढा दिला तर त्याच्या मते ते वैद्यकच नव्हे. आपल्यापर्यंत येतं ते या सगळ्यातून सुटलेलं पाकीट. जीभ पाहिली नाही, नाडी पाहिली नाही, रिपोर्ट फोनवर, आणि तपासणी कोणी करायची ते ठरलेलंच नाही. तुमच्या भावाला भेटलेला माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. त्याच्याच शास्त्राच्या कसोटीला मात्र हे उतरत नाही.

शब्दांचाही एक घोळ आहे. चिनी वैद्य "किडनी कमजोर आहे" म्हणतो तेव्हा तो ज्याला शेन म्हणतो त्याबद्दल बोलत असतो. या शेनकडे हाडं, केस, ऐकू येणं, वीर्य, म्हातारपण असं बरंच खातं आहे. आपल्या सोनोग्राफीत दिसणारी दहा सेंटिमीटरची किडनी त्यात येते, पण शेन म्हणजे तेवढीच नव्हे. लियू-वेइ दी-हुआंग वान नावाची सहा द्रव्यांची प्रसिद्ध गोळी आहे. ती १२ व्या शतकाच्या सुरुवातीच्या छियेन यी या बालवैद्याची, मुळात उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी. तिच्या खोक्यावर "किडनीला पोषक" असं वाचून क्रिएटिनिन २.१ वाला माणूस ती घेतो, तेव्हा दोन वेगळ्या भाषांतला एकसारखा दिसणारा शब्द त्याला चकवत असतो. हे मी चिनी वैद्यकाला कमी लेखून म्हणत नाही. श्याओ-केच्या रोग्याची लघवी गोड असते हे इसवी सन ७५२ मधल्या चिनी वैद्यक-संकलनात आलेलं आहे, आणि आपल्याकडच्या "मधुमेह" या नावातच ते आहे. निरीक्षण दोघांचंही पक्कं होतं.

आता तुम्ही विचारलं नाहीत पण भाऊ पुढच्या खेपेला आणेल, अशी एक गोष्ट. लेइ-गोंग-थंग, मेघगर्जनेच्या देवाची वेल. चीनमधल्या किडनी डॉक्टरांच्या हातातलं सगळ्यात जोरकस हर्बल औषध हेच. नानजिंगमध्ये ६५ मधुमेही रुग्णांवर व्हल्सार्टनशी तुलना करून अभ्यास झाला (२०१३). सहा महिन्यांत वेलीच्या गटातलं लघवीतलं प्रथिन साधारण एक तृतीयांशानं उतरलं. आकडा मोठा आहे. पण याच वेलीची भुकटी शेतात कीटकनाशक म्हणून वापरली गेली आहे. पुरुषांचे शुक्राणू तिनं इतके घटतात की एकेकाळी पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी तिचा विचार झाला. पाळी बंद होते, पांढऱ्या पेशी पडतात, यकृत दुखावतं. तिथले डॉक्टर हे देतात तेव्हा रक्ताच्या चाचण्यांचा पहारा असतो. ऑनलाइन मागवून घ्यायचं हे औषध नाही, आणि तुमच्या घरात तर नाहीच.

आमच्या पिढीचे किडनी डॉक्टर चिनी मुळ्यांचं नाव निघालं की कान टवकारतात, त्यामागे ब्रुसेल्स आहे. १९९० च्या आसपास तिथल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात बायकांना कॅप्सूल दिल्या जात होत्या. त्यात हान-फांग-ची हे मूळ असायला हवं होतं. नावातल्या सारखेपणामुळे क्वांग-फांग-ची आलं, म्हणजे अॅरिस्टोलोकिया कुळातली वेल. १९९२ मध्ये पन्नाशीच्या आतल्या बायका भराभर किडनी निकामी होऊन येऊ लागल्या. पुढे अशांची संख्या शंभरावर गेली. अॅरिस्टोलोकिक आम्ल किडनीला आतून वाळवतं, आणि पुढे मूत्रमार्गात कॅन्सर करतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा ३९ रुग्णांच्या काढून टाकलेल्या किडन्या आणि मूत्रनलिका तपासल्या. १८ जणांत कॅन्सर निघाला. चीन आणि तैवाननंही नंतर या कुळातल्या औषधांवर बंधनं आणली. ही गोष्ट फक्त चीनची समजू नका. आपली ईश्वरी, जिला सापसण म्हणतात आणि सापाच्या विषावर, तापावर वैदू देतात, ती याच कुळातली, अॅरिस्टोलोकिया इंडिका. सह्याद्रीत मिळते. किडनी का गेली हे कळत नाही अशा पेशंटला मी "कुठली मुळी उगाळून घेत होता का" हे अजूनही विचारतो, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर कधीकधी "हो" येतं.

आता बीपीची गोळी. टेल्मिसार्टननं किडनी जाते हा समज कुठून येतो ते मला माहीत आहे. गोळी सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. गाळण्यांतला दाब उतरतो, म्हणून वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची अशी वाढ आम्ही चालवून घेतो, कारण दाब उतरल्यानंच गाळण्या टिकतात. मधुमेही किडनीवर लोसार्टनचा १,५१३ रुग्णांचा मोठा अभ्यास २००१ चा. किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण त्यात २८ टक्क्यांनी कमी झालं. डापाग्लिफ्लोझिनच्या २०२० च्या अभ्यासात ४,३०४ रुग्ण होते आणि त्यात घ्यायची अट ईजीएफआर २५ ते ७५, अल्ब्युमिन २०० ते ५,०००. तुमचे वडील ३४ आणि ९००, म्हणजे तो अभ्यास जणू त्यांच्यासाठीच केला होता. किडनी झपाट्यानं ढासळणं, निकामी होणं किंवा किडनीच्या वा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यू येणं यांचं एकत्रित प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. आणि हे ऐकून भावाला गंमत वाटेल: डापाग्लिफ्लोझिन ज्या वंशातलं आहे त्याचा मूळपुरुष सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत, १८३५ साली, सापडला होता. मेटफॉर्मिनचा उगमही एका युरोपीय झुडपातूनच. झाडपाल्याशी आमचं वैर नाही. किती द्यायचं आणि कोणाला द्यायचं नाही, हे आधी कळायला हवं, इतकाच हट्ट.

तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा. एक, ग्लिमेपिराईड कमी करून दुसरं काही देता येईल का. या ईजीएफआरला साखर उतरण्याची भीती त्यातही आहे. दोन, सेमाग्लुटाईड हे मधुमेहाचं औषध. २०२४ मध्ये ३,५३३ रुग्णांच्या अभ्यासात मधुमेही किडनीचे मोठे धोके त्यानं २४ टक्क्यांनी कमी केले. महाग आहे, पण विचारायला पैसे पडत नाहीत. तीन, फिनेरेनोन, मधुमेही किडनी जपणारं पण पोटॅशियम वाढवणारं औषध. ते आज देता येणार नाही, कारण पोटॅशियम ५.२ आहे. आधी नारळपाणी, टोमॅटोचं सार, आणि "पथ्याचं" म्हणून खाता ते कमी सोडियमचं मीठ बंद करा. त्या मिठात पोटॅशियमच असतं. काढ्यांतही ते भरपूर उतरतं, चिनी असो की गुळवेलीचा.

आणि वडील खोकल्याला ज्येष्ठमध चघळत असतील तर तेही सांगा. बऱ्याच चिनी काढ्यांत तो असतो, कान-त्साओ म्हणून, आणि बीपी वाढवतो.

राहिल्या पिवळ्या चकत्या. माझा सल्ला सध्या नकोच, आधी पोटॅशियम पाचच्या खाली आणि साखर स्थिर होऊ द्या. त्यानंतर वडिलांची खूपच इच्छा असेल तर पाकीट घेऊन तुमच्या किडनीच्या डॉक्टरांकडे (नेफ्रॉलॉजिस्ट) जा, केसपेपरवर लिहून घ्या, महिन्यानं क्रिएटिनिन-पोटॅशियम करा. किडनी प्रत्यारोपण झालेलं असतं तर मी एवढंही म्हटलं नसतं, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत ही मुळी ढवळाढवळ करू शकते. बाटली आणि पुड्या मात्र फेकण्याआधी लेबलांचे फोटो जपून ठेवा आणि वडिलांनी किती दिवसांत किती गोळ्या घेतल्या ते मला आज कळवा. दहा घेतल्या की तीस, यावर आज रात्रीचं ग्लिमेपिराईड द्यायचं की नाही हे ठरेल.